ट्रान्झिशन टाकलं की क्लिप आपोआप कापली जाते: दाविंची रिझॉल्व्ह, फुकट आवृत्ती

झांजवाला

भजनी मंडळाच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण आहे, साधारण ४० मिनिटांचं. एक कॅमेरा स्टँडवर, सलग चालू, सेकंदाला २५ फ्रेम. दुसरा मोबाइल, हातात, मध्येच बंद मध्येच चालू, ३० फ्रेम. आवाज मिक्सरवरून वेगळा घेतलाय. संपादन दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओच्या प्रोग्रॅममध्ये, विंडोज, १६ जीबी रॅम.

अडचणी तीन.

१. मोबाइलच्या दोन क्लिपांमध्ये क्रॉस डिझॉल्व्ह (एक दृश्य विरत दुसरं उमटतं ते ट्रान्झिशन) टाकला की हँडल पुरेसे नाहीत असं सांगून ‘ट्रिम क्लिप्स’ की ‘स्किप क्लिप्स’ असं विचारतं. ट्रिम म्हटलं की क्लिप आखूड होते आणि पुढे टाळ आणि हात जुळत नाहीत.
२. काही डिझॉल्व्हमध्ये बुवा दोन दोन दिसतात.
३. मोबाइलच्या लांब क्लिपांमध्ये चित्र हळूहळू आवाजापासून सुटत जातं.

---

कातरकाम

पहिली अडचण ट्रान्झिशनची नाहीच, ट्रिमिंगची आहे. डिझॉल्व्ह चालू असतो तेवढा वेळ दोन्ही क्लिपा एकदम पडद्यावर असतात. म्हणून पहिल्या क्लिपचा कटनंतरचा आणि दुसऱ्या क्लिपचा कटआधीचा थोडा भाग मूळ फाइलमध्ये शिल्लक लागतो. टाइमलाइनवर (क्लिपा ओळीने लावायच्या पट्टीवर) न दिसणारा हा उरलेला भाग म्हणजे हँडल. तुम्ही मोबाइलची क्लिप अख्खीच्या अख्खी टाइमलाइनवर ओढलीत, म्हणजे दोन्ही टोकांना हँडल शून्य. रिझॉल्व्ह मग क्लिपच्याच दृश्य भागातून जागा काढतं.

हिशोब असा. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक सेकंदाचा डिझॉल्व्ह म्हणजे २५ फ्रेम. तो कटच्या मधोमध असेल तर दोन्ही क्लिपांना प्रत्येकी १२-१३ फ्रेम हँडल हवं. ट्रान्झिशनवर क्लिक करून इन्स्पेक्टरमध्ये (निवडलेल्या गोष्टीच्या सेटिंगच्या चौकटीत) अलाइनमेंट, म्हणजे ट्रान्झिशन कटच्या कुठल्या बाजूला बसतं ते, बघा:

- कटपासून सुरू होणारं ट्रान्झिशन: जाणाऱ्या क्लिपला कटनंतर पूर्ण २५ फ्रेम लागतात, येणाऱ्या क्लिपला काहीच नाही.
- कटवर संपणारं ट्रान्झिशन: येणाऱ्या क्लिपला कटआधी पूर्ण २५ लागतात, जाणाऱ्या क्लिपला काही नाही.

म्हणजे एकाच बाजूला हँडल असेल तर नुसती अलाइनमेंट बदलून काम होतं. दोन्ही बाजूंना थोडं थोडंच असेल तर लांबी कमी करा. ८ फ्रेमच्या डिझॉल्व्हला मधोमध प्रत्येकी ४ फ्रेम पुरतात, आणि अशा कार्यक्रमात ८ फ्रेमचा डिझॉल्व्ह २५ पेक्षा चांगला दिसतो असं माझं स्पष्ट मत आहे. प्रेफरन्सेस, युजर, एडिटिंग इथे ट्रान्झिशनची ठरलेली लांबी एक सेकंद असते. ती आधी १० फ्रेम करून टाका.

दोन्ही बाजूंना शून्य असेल तर साधा कट ठेवा. प्रेक्षकाला कट खटकत नाही, चुकीच्या जागी आलेला कट खटकतो.

---

निळी शाई

प्रीमियर हा दुसरा संपादनाचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी भर. तिथे हँडल नसलं तर क्लिप कापली जात नाही. मीडिया अपुरं आहे, ट्रान्झिशनमध्ये फ्रेम पुन्हा वापरल्या जातील, एवढी सूचना येते. ओके केलं की शेवटची किंवा पहिली फ्रेम गोठवून तो भाग भरला जातो, आणि टाइमलाइनवर त्या ट्रान्झिशनवर तिरक्या रेघा दिसतात. दूरच्या स्थिर दृश्यात हे खपून जातं. पखवाजावर हात चालू असताना हात हवेत थांबलेला दिसतो. त्या रेघा दिसल्या की तिथे परत जायचं हे ठरवून ठेवा.

---

पंचवीस_फ्रेम

कातरकाम यांच्याशी सहमत, पण तुमच्या बाबतीत मुळात मांडणीच बदलावी. सलग चाललेला स्टँडचा कॅमेरा पहिल्या व्हिडिओ ट्रॅकवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही काप न घालता. मोबाइलच्या क्लिपा दुसऱ्या ट्रॅकवर, त्याच्या वर, आवाजाशी जुळवून आपापल्या जागी. मोबाइलच्या क्लिपेला शेजारी क्लिप नाही अशा टोकावर डिझॉल्व्ह टाकला की ती पारदर्शक होत जाते आणि खालचा कॅमेरा दिसतो. हे ट्रान्झिशन क्लिपच्या आतच बसतं, हँडल लागतच नाही, म्हणून काही सरकतही नाही. ट्रान्झिशनही नको असेल तर क्लिपच्या वरच्या कोपऱ्यावर माउस नेल्यावर जो पांढरा ठिपका दिसतो तो आत ओढा, तेवढ्या फ्रेमचा फेड तयार.

मोबाइलच्या दोन क्लिपा एकमेकींना चिकटवायच्याच नाहीत. मध्ये किमान दोन-तीन सेकंद स्टँडचं दृश्य येऊ द्या. हातातला कॅमेरा बंद करून पुन्हा चालू केला म्हणजे मधला वेळ गेलेला असतो, त्या दोन क्लिपा चिकटल्या की ताल तुटलेला दिसणारच.

---

झांजवाला

ट्रॅकची मांडणी करून पाहतो. मध्यंतरी एका व्हिडिओत ‘स्लिप करा म्हणजे हँडल मिळतं’ असं सांगितलं होतं. ते इथे चालेल का? आणि रिपल, रोल, स्लिप, स्लाइड यांतलं कुठलं कधी?

---

पंचवीस_फ्रेम

स्लिप इथे अजिबात नको. चारही प्रकार रिझॉल्व्हच्या हिशोबाने सांगतो. टी दाबून ट्रिम मोडमध्ये जा (ए दाबलं की परत साध्या निवडीवर).

रिपल. क्लिपच्या एका टोकाला धरून ओढता, पुढचं सगळं त्याच्यासोबत सरकतं, एकूण लांबी बदलते. मुलाखत, व्याख्यान, पाककृती, जिथे बोलण्यातले ‘अं’ आणि थांबे काढायचे तिथे रिपलसारखं हत्यार नाही. खाली सलग संगीत असेल तिथे तेच सगळा खेळ बिघडवतं, कारण कटनंतरचं प्रत्येक चित्र आवाजापासून सुटतं.

रोल. बरोबर कटवर धरायचं. एक क्लिप जेवढी वाढते तेवढी दुसरी कमी होते, एकूण लांबी तीच, जुळवणूक तीच. संगीताच्या कामात नव्वद टक्के ट्रिमिंग रोलनेच करायचं.

स्लिप. क्लिपच्या वरच्या भागात धरून ओढायचं. क्लिपची जागा आणि लांबी तशीच, आतला भाग मागेपुढे होतो. म्हणजे चित्र आवाजापासून सुटलं. प्रेक्षक टाळ्या वाजवतायत, मूर्ती, दिवे, दारातली रांगोळी अशा जिथे आवाजाशी ओठ किंवा हात जुळायचे नाहीत त्या दृश्यांना स्लिप बिनधास्त करा. गाणाऱ्याला आणि वाजवणाऱ्याला कधीच नाही. शिवाय क्लिप अख्खी वापरली असेल तर स्लिप करायला आत काही उरतच नाही, त्यामुळे शून्य हँडलवर तो उपाय नव्हेच. एका बाजूला भरपूर आणि दुसऱ्या बाजूला काही नाही अशा वेळी तो उपयोगी.

स्लाइड. खालच्या, नावाच्या पट्टीत धरून ओढायचं. क्लिप तशीच राहते, शेजारच्या दोघी कमी-जास्त होतात. फारसा वापरला जात नाही.

कीबोर्डवर: व्ही ने जवळचा कट निवडला जातो, यू ने कटची डावी बाजू, उजवी बाजू की दोन्ही हे बदलतं, मग स्वल्पविराम आणि पूर्णविराम या कळांनी एक-एक फ्रेम मागेपुढे. शिफ्ट धरलं तर पाच-पाच. ई दाबलं की निवडलेला कट प्लेहेडपाशी (चालू फ्रेम दाखवणाऱ्या उभ्या रेघेपाशी) येतो. हे हाताला बसलं की माउसने ओढणं नकोसं वाटतं.

आणि डिलीट व बॅकस्पेस या दोन कळा रिझॉल्व्हमध्ये एक नाहीत. बॅकस्पेसने क्लिप जाते आणि भोक राहतं. डिलीटने भोकही मिटतं, म्हणजे पुढचं सगळं मागे सरकतं. तुमच्या टाइमलाइनवर फक्त बॅकस्पेस.

---

अबोली

मिक्सरच्या आवाजाचा ट्रॅक लॉक करून ठेवला तर रिपलचा धोका टळतो ना?

---

कातरकाम

उलट वाढतो. लॉक केलेला आवाज जागेवर राहतो आणि चित्र सरकतं. कुलूप आवाजाला लागलं, चित्र मोकळंच. लॉक जरूर करा, पण चुकून आवाज कापला जाऊ नये म्हणून. रिपल टाळायचा तर रिपल करायचाच नाही.

---

पंचवीस_फ्रेम

आता तिसरी अडचण, कारण ती सोडवल्याशिवाय पहिल्या दोन सोडवून उपयोग नाही.

आधी निदान. प्रत्येक क्लिपमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर क्लिप जागेवर नीट बसवलेली नाही, काही फ्रेम सरकवा. सुरुवातीला जुळतं आणि शेवटाकडे फरक वाढत जातो असं असेल तर मोबाइलने बदलत्या फ्रेमरेटने चित्रीकरण केलंय. बरेच मोबाइल तसंच करतात: अंधार झाला, फोन तापला की सेकंदाला ३० ऐवजी २८-२९ फ्रेम घेतात. मीडियाइन्फो हा फुकट प्रोग्रॅम घ्या, फाइल उघडा, फ्रेमरेट मोडसमोर ‘व्हेरिएबल’ दिसलं की खात्री झाली.

उपाय हँडब्रेकने (व्हिडिओ फाइल नव्याने बनवून देणारा प्रोग्रॅम). व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेट ३० आणि त्याखाली ‘कॉन्स्टंट’ निवडा. तयार प्रीसेटमध्ये बहुधा ‘पीक’ निवडलेलं असतं, ते तसंच राहिलं तर मेहनत फुकट. गुणवत्तेचा आरएफ १८ ठेवा. फाइल मोठी होईल, होऊ द्या. सगळ्या मोबाइल क्लिपा एकदम रांगेत लावून रात्री चालू ठेवा. कापायला सुरुवात करायच्या *आधी*. अर्धं काम झाल्यावर फाइल बदलल्या तर एकूण फ्रेम बदलतात आणि आधी घातलेले कट दोन-चार फ्रेम इकडेतिकडे जातात.

४० मिनिटांत स्टँडचा कॅमेरासुद्धा मिक्सरच्या रेकॉर्डिंगपासून थोडा सुटू शकतो. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. ४० मिनिटं म्हणजे ६०,००० फ्रेम, त्यात तीन फ्रेमचा फरक पडायला फार काही लागत नाही. तिथे वेग बदलण्याच्या फंदात न पडता प्रत्येक अभंगाच्या सुरुवातीला, बुवा बोलत नसताना, काप देऊन पुन्हा जुळवा.

टाइमलाइनचा फ्रेमरेट पहिली क्लिप आत घेण्याआधी २५ करा. नंतर रिझॉल्व्ह तो बदलू देत नाही. ३० ची मोबाइल क्लिप २५ मध्ये बसताना दर सहा फ्रेममधली एक गळते. स्थिर दृश्यात कळत नाही, कॅमेरा आडवा फिरवला असेल तर झटके दिसतात. असे फिरवलेले भाग टाळा, किंवा त्या क्लिपेला रिटाइम प्रोसेस ‘ऑप्टिकल फ्लो’ द्या (यात मधल्या फ्रेम अंदाजाने नव्या तयार होतात). टाळांच्या जवळून घेतलेल्या दृश्यात ऑप्टिकल फ्लो बोटं वितळवतो, तिथे नको.

---

उगाच_एक

शॉटकट हा संपादनाचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांना हँडब्रेकला जायची गरज नाही. बदलत्या फ्रेमरेटची फाइल उघडली की तो स्वतःच विचारतो, संपादनाला सोयीची करून देऊ का म्हणून, आणि चांगली, अधिक चांगली, सर्वोत्तम असे तीन पर्याय देतो. तिसरा निवडलात तर डिस्कवर जागा आहे का ते आधी बघा.

शॉटकटमध्ये ट्रान्झिशनची पद्धतही वेगळी आहे. यादीतून ओढून टाकायचं नसतं. एक क्लिप शेजारच्या क्लिपवर सरकवायची, जेवढा भाग एकमेकांवर येतो तेवढं ट्रान्झिशन. समजायला सोपं, पण यात टाइमलाइन तेवढ्याने आखूड होतेच. संगीतावर काम करताना म्हणूनच तिथेही दोन ट्रॅक बरे. केडेनलाइव्ह या तशाच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये एकाच ट्रॅकवर मिक्स करायची सोय २०.१२ आवृत्तीपासून आली, कट निवडून यू दाबायचं. तिथेही हँडलचा नियम चुकत नाही.

---

निळी शाई

दोन दोन बुवांबद्दल. दोन्ही दृश्यांत माणूस साधारण त्याच आकाराचा आणि चौकटीत त्याच जागी थोडा सरकून असला की डिझॉल्व्हमध्ये भूत दिसतं. डिझॉल्व्ह लांबवला तर भूत जास्त वेळ दिसतं, एवढंच. जवळून दूर किंवा दूरून जवळ जाताना डिझॉल्व्ह चालतो: बुवांच्या चेहऱ्यावरून सगळ्या मंडळावर, किंवा पखवाजाच्या हातांवरून बुवांवर. चेहऱ्यावरून चेहऱ्यावर, कंबरेपासून वरच्या दृश्यावरून तशाच दृश्यावर जायचं तर कट. स्टँडचा कॅमेरा फोर-के असेल आणि टाइमलाइन १०८० ची, तर स्टँडचं दृश्य दुपटीपर्यंत मोठं करता येतं, तपशील हरवत नाही. त्याच कॅमेऱ्यातून दूरचं आणि जवळचं अशी दोन दृश्यं मिळतात.

अ‍ॅडिटिव्ह डिझॉल्व्ह (दोन्ही दृश्यांच्या उजेडाची बेरीज करणारा) टाळा. पांढरी टोपी, पांढरं धोतर, मागे ट्यूबलाइट, मध्यावर सगळं भाजून निघतं. पान उलटणं, बदाम, चांदण्या, घडी घालणं हे लग्नाच्या अल्बमवाल्यांना लखलाभ.

---

झांजवाला

मीडियाइन्फोने व्हेरिएबलच दाखवलं. हँडब्रेक लावतो. कट तालावर नेमका कुठे घ्यायचा? समेवर घेतला की किंचित उशिरा वाटतो.

---

कातरकाम

समेच्या एक-दोन फ्रेम *आधी*. नवं दृश्य डोळ्याला ओळखायला क्षणभर लागतो. कट आणि थाप एकाच फ्रेमवर असली की हात खाली येऊन आपटलेला दिसतो आणि थाप निसटल्यासारखी वाटते. दोन फ्रेम आधी कट घेतला की हात येताना दिसतो.

गाणं चालू ठेवून समेला एम दाबत मार्कर टाकत जा. बोट नेहमी दोन-तीन फ्रेम उशिरा पडतं, म्हणून नंतर आवाजाच्या आलेखातल्या टोकावर मार्कर सरकवा. फ्रेम मोजून समान अंतरावर कट टाकायचा मोह होतो. मिनिटाला १२० मात्रा असतील तर एक मात्रा १२.५ फ्रेमची. अर्धी फ्रेम नसते, त्यामुळे मोजून टाकलेले कट हळूहळू घसरतात. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा म्हणजे या लयीत बरोबर १०० फ्रेम, पण माणसं वाजवतात, लय चढते. आलेख बघूनच चाला.

डिझॉल्व्हची लांबीही लयीवर. सुरुवातीच्या आलापात ४०-५० फ्रेम शोभतात. ठेका लागल्यावर २५ फ्रेमचा डिझॉल्व्ह म्हणजे दोन मात्रा सगळं धूसर. शेवटच्या गजरात एकही नको, नुसते कट, आणि तेही दर समेला नकोत. दर समेला कट आला की तिसऱ्या आवर्तनाला प्रेक्षकाला कळतं आणि मजा जाते.

---

अबोली

आवाजाच्या जोडाचं कुणी बोललं नाही. दोन अभंगांमधली सूचना आणि पाणी पिण्याचा वेळ काढायचा असेल तर?

---

निळी शाई

तो जोड टाळ्यांमध्ये घ्या. गाण्यात घेतला तर तंबोऱ्याचा किंवा पेटीचा सूर उडी मारतो, आणि क्रॉसफेड (एक आवाज उतरवत दुसरा चढवणं) केला तर दोन सूर एकदम वाजतात. पहिला अभंग संपल्यावरच्या टाळ्या आणि दुसऱ्याच्या आधीचा सभागृहातला गलबला यांच्यात एक ते दीड सेकंदाचा क्रॉसफेड. इथे हँडलचा नियम आवाजालाही लागतो.

प्रकार निवडताना: दोन्ही बाजूंचा आवाज वेगळा असेल, जसं टाळ्या आणि गलबला, तर प्रीमियरमध्ये ‘कॉन्स्टंट पॉवर’. सरळ रेषेत उतरणारा ‘कॉन्स्टंट गेन’ तिथे वापरला तर मध्यावर आवाज सुमारे ३ डेसिबलने बसतो. त्याच सलग रेकॉर्डिंगला काप देऊन परत जोडलं असेल तर उलट, कॉन्स्टंट गेन, नाहीतर मध्यावर आवाज फुगतो. रिझॉल्व्हमध्ये क्रॉसफेडचे तीन प्रकार डेसिबलच्या आकड्यांनी दिलेले आहेत. आपोआप येतो तो +३, म्हणजे वेगळ्या आवाजांसाठीचा.

कापावर ‘टक’ असा आवाज येत असेल तर लाट मध्येच कापली गेली आहे. दोन फ्रेमचा फेड पुरतो.

कंट्रोल टी ने रिझॉल्व्ह चित्र आणि आवाज दोन्हींवर ट्रान्झिशन टाकतं. नुसतं चित्रावर हवं तर ऑल्ट टी. जुळवणी झाल्यावर कॅमेऱ्यांचे आवाज बंद ठेवा, नाहीतर मिक्सरच्या आवाजावर सभागृहाचा घुमारा चढतो.

---

उगाच_एक

एक बाळबोध प्रश्न. नुसती पुढची-मागची टोकं कापायची असतील तर लॉसलेसकटसारख्या प्रोग्रॅमने पटकन होत नाही का? गुणवत्ताही जात नाही.

---

पंचवीस_फ्रेम

होतं, पण हव्या त्या फ्रेमवर नाही. मोबाइलच्या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. साधारण सेकंदाला एखादी पूर्ण फ्रेम असते, मधल्या फ्रेम म्हणजे आधीच्यापेक्षा काय बदललं एवढीच नोंद. पुन्हा एन्कोड न करता काप सुरू करायचा तर तो पूर्ण फ्रेमवरच करता येतो, म्हणून तुम्ही ठरवलेल्या जागेच्या आधी अर्धा-एक सेकंद येतो. तीन तासांच्या रेकॉर्डिंगमधून कामाची ४० मिनिटं वेगळी करायला उत्तम, दोन्ही बाजूंना पाच-पाच सेकंद जादा ठेवून. तेच पुढे हँडल म्हणून कामी येतात. नेमका काप आणि ट्रान्झिशन संपादनातच.

---

झांजवाला

दोन ट्रॅकची मांडणी केली, आता काही सरकत नाही. पण डिझॉल्व्हच्या जागी प्लेबॅक अडखळतो. आणि शेवटी मंडळाचे जुने फोटो टाकायचेत, त्यांत उभे फोटो खूप आहेत. फोटोंना हँडलची कटकट असते का?

---

कातरकाम

अडखळणं: डिझॉल्व्हला दोन फाइल एकदम उलगडाव्या लागतात, त्यात कधी फोर-के. प्लेबॅक मेनूमधून टाइमलाइन प्रॉक्सीचं रिझोल्यूशन निम्मं करा आणि रेंडर कॅश (जड भाग आधीच तयार करून ठेवणं) ‘स्मार्ट’ वर ठेवा. टाइमलाइनच्या वरची लाल रेघ निळी झाली की तो भाग सुरळीत चालेल. अंतिम फाइलवर याचा परिणाम नाही.

त्या फाइलचं: यूट्यूब १०८० साठी सेकंदाला ८ मेगाबिटचा बिटरेट सुचवतं. डिझॉल्व्हमध्ये प्रत्येक फ्रेम अख्खी बदलते, कमी बिटरेटवर नेमके तिथेच चौकोन दिसतात. रिझॉल्व्हमध्ये मर्यादा २०,००० (म्हणजे सेकंदाला २० मेगाबिट) द्या आणि चढवा. यूट्यूब पुन्हा दाबणारच आहे, त्याला निदान चांगला माल द्या.

फोटोंना हँडल अमर्याद, हवं तेवढं ट्रान्झिशन टाका. ठरलेली लांबी ५ सेकंद असते. फक्त उभ्या फोटोंचा घोळ होतो. बाजूची काळी जागा भरायला लोक खाली तोच फोटो मोठा आणि धूसर करून ठेवतात. मग डिझॉल्व्ह वरच्या ट्रॅकवर टाकला तर खालचा धूसर फोटो खट्कन बदलतो. दोन्ही निवडून कंपाउंड क्लिप (दोन्हींची मिळून एकच क्लिप) करा आणि डिझॉल्व्ह अशा कंपाउंड क्लिपांमध्ये टाका. पण कंपाउंड केल्यावर ती व्हिडिओसारखी वागते, तिच्या टोकांपलीकडे हँडल नसतं. म्हणून कंपाउंड करण्याआधी फोटो ७ सेकंदांपर्यंत ताणा, कंपाउंड करा, मग दोन्ही टोकं एक-एक सेकंद आत घ्या.